मागं बांधलेले हात

बाई,

आज मी दौंडच्या मैदानावर सव्वा तास हात मागं बांधून उभी होते. कुणी पकडून नेलं नव्हतं. माझे मीच बांधून घेतले होते, गळ्यातल्या स्कार्फनं, अगदी तुम्ही बांधायचात तसे. घरी येऊन तास झाला तरी पायातले बूट काढलेले नाहीत. चहा ठेवला तो उतू गेला, शेगडीभर झाला, आणि मी ओट्याशी उभी राहून एकटीच हसत होते. लेक आतून विचारते, "आई, बरी हायस ना?" बरी कसली, हवेत आहे मी! हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला आज घास गिळायचा नाही, आणि सांगायचं तर ते तुम्हालाच. तुम्ही जाऊन किती वर्षं झाली ते मोजायला बसले तर माझी मलाच लाज वाटेल, म्हणून मोजत नाही. तुम्ही शाळेच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलाय असं धरून लिहिते.

आधी मी कोण ते सांगते, नाहीतर तुम्ही चष्मा वर करून म्हणाल, ही कोण भवानी? "हिच्या तोंडाला कुणीतरी झाकण आणा गं," असं ज्या पोरीला म्हणायचात ना, ती मी. गाइडच्या तासाला सगळ्यात मोठ्यानं शिट्टी मारणारी. आता त्याच तोंडाची भाकरी खाते. शिरूर डेपोत कंडक्टर आहे, बाई! "पुढं सरका, पुढं काय खड्डा हाय का?" असं दिवसातून शंभर वेळा ओरडते आणि माणसं खरंच सरकतात. दोन वर्षांपूर्वी लेकीच्या शाळेतले स्काउटचे सर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. तीस मुलंमुली, नवेकोरे गणवेश, आणि शिकवायला माणूस नाही. मुख्याध्यापकांनी सभा घेतली. म्हणाले, पालक चालवणार असतील तर मैदान देतो. सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. मला शांतता सोसत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. केला हात वर. मग सुट्टी टाकून प्रशिक्षण घेतलं, कागद आणला आणि पथकाची प्रमुख झाले.

माझ्याबरोबर दोघं उभे राहिले. एक सणसवाडीच्या कंपनीत सुपरवायझर आहेत, त्यांना आम्ही सगळे सर म्हणतो. त्यांना प्रत्येक गोष्टीची चेकलिस्ट लागते, तंबूच्या खुंट्यांचीसुद्धा. दुसरे राहू गावचे, त्यांना सगळे मामा म्हणतात. मेंढरांमागं वाढलेला धनगर माणूस, आता ऊस करतात. त्यांचा मुलगा शिकायला शिरूरला मावशीकडं राहतो, म्हणून मामा दर रविवारी सकाळी मोटारसायकलवर येतात, पिशवीत गावच्या गुऱ्हाळाचा गूळ घेऊन. पहिल्याच दिवशी मी मोठ्या तोऱ्यात त्यांना क्लोव्ह हिच नावाची गाठ शिकवायला लागले. त्यांनी माझ्या हातातली दोरी घेतली, तिच्याकडं न बघता खुंट्याला टाकली आणि म्हणाले, "ही व्हय? ही तर आमी वाघरीला मारतो की. मेंढरं कोंडायची जाळी असती ना ताई, तिच्या खुंट्याला. हिला इंग्रजीत नाव हाय हे मातुर म्हाईत न्हवतं."

आता आमचा गाढवपणा ऐका. गेल्या वर्षी दौंडलाच मेळावा होता. प्रत्येक पथकानं आपल्या तंबूंपुढं बांबू आणि दोरीची कमान उभारायची होती. मुलांनी सुरुवात केली. एकाची बांधणी सैल, दुसऱ्याचा बांबू तिरका, तिसरी दोरीत पाय अडकून पडलेली. शेजारच्या पथकाची कमान अर्धी उभी राहिली आणि माझा जीव खालीवर व्हायला लागला. मी म्हटलं, "द्या इकडं, जरा धरून दाखवते." धरलं ते सोडलंच नाही. सरांनी कंपनीतनं आणलेली लेव्हल लावली, मामांनी गाठी आवळल्या, मी ओरडून ओरडून बांबू सरळ केले. कमान अशी झाली म्हणता बाई! लोक तिच्यापुढं उभं राहून फोटो काढत होते. आणि मुलं? मुलं सावलीत बसून केळी खात होती. गणवेश मळवू नका असं त्यांना मीच बजावलं होतं.

मग परीक्षक बाई आल्या. पांढऱ्या केसांच्या, कडक. त्यांनी कमान हलवून पाहिली, मान डोलावली, आणि मुलांची रांग करून पहिल्याच्या हातात दोरी दिली. म्हणाल्या, इथं जी गाठ आहे ती बांधून दाखव. त्याला येईना. दोरी दुसऱ्याकडं गेली, तिसऱ्याकडं गेली, माझ्या लेकीकडं आली. तिनं बांधायला घेतली आणि माझ्याकडं पाहिलं. मी इकडून बोटांनी खुणा करायला लागले, तर तिनं दोरी पुढच्या मुलीला देऊन टाकली. तीसच्या तीस हातांतून फिरून दोरी परत परीक्षक बाईंकडं गेली. त्या आमच्यापाशी आल्या आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "पालकांचं पथक उत्तम आहे. मुलांचं कधी आणताय?"

पुढच्या रविवारी मैदानात चौदा मुलं होती. मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, अजून एक वर्ष बघू, दौंडला मुलांनी स्वतःचं काही करून दाखवलं तर ठीक, नाहीतर पथक बंद करू, मैदान मागणारे बरेच आहेत. ते मी ऐकून घेतलं. पण लेक जे बोलली ते नाही ऐकवलं. मी स्वयंपाकघरात खाली बसून शेपू निवडत होते, ती ओट्यावरची ताटं पुसत होती. माझ्याकडं पाठ करून म्हणाली, "आई, स्काउटात तुलाच जायचंय. मग मला कशाला नेतीस? येत्या वर्षी दौंड झालं की मी सोडणार." मी आधी भरपूर आरडाओरडा केला, तो माझा स्वभावच. ती निघून गेल्यावर मात्र शेपूची जुडी तशीच मांडीवर राहिली. ही पोर सोडून गेली तर मी कुणासाठी पथक चालवायचं? आणि तेव्हा बाई, कितीतरी वर्षांनी मला तुमची आठवण झाली. खरं तर तुमच्या हातांची.

घोडनदीच्या काठावर आपला कॅम्प आहे. मी आठवीत, संघनायिका, छाती काढून फिरतेय. दोन तिकाटणी उभी करायची आहेत, तीन-तीन बांबूंची, एकाला भाताचा हंडा टांगायचा, एकाला पाण्याचा. एक मी बांधतेय, दुसरं आपल्यातली ती अबोल मुलगी, जी वर्गात हजेरीसुद्धा तोंडातल्या तोंडात द्यायची. मधेच मी उठते, तिच्या हातातून दोरी ओढून घेते, "सोड, तुला न्हाई जमायचं," आणि दोन मिनिटांत कशी घट्ट, देखणी बांधणी करून टाकते. तुम्ही नेहमीसारख्या स्कार्फनं हात मागं बांधून उभ्या. आम्ही पाठीमागं त्यावरून हसायचो, बाईंना कुणी अटक केली गं? तुम्ही येता, हात मोकळे करून उकिडव्या बसता आणि माझी गाठ सोडायला लागता. सगळ्यांसमोर. घाई न करता, एकेक फेरा. दोरी तिच्या हातात देता आणि मला म्हणता, "ही गाठ तिची होती." एवढंच. मग उठून पुन्हा हात मागं. माझे कान असे तापले होते! त्या दिवशी आमच्या संघाचं पिठलं करपलं, ते तुम्ही आमच्या पंगतीला बसून ताट चाटूनपुसून खाल्लंत, तरी माझा राग गेला नाही. दुपारी भांडी घासताना एकीचा शेवाळावरून पाय सरकला. आम्ही किंचाळायच्या आधी तुम्ही तिचा दंड धरलेला होता आणि तुमचा स्कार्फ मागं वाळूत पडला होता. इतक्या झटक्यात हात सुटले कसे, हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नाही. दहावीच्या निरोपाला तोच स्कार्फ तुम्ही मला दिलात. मी घेतला. धन्यवादसुद्धा म्हटलं नाही, इतकी मी तुमच्यावर रुसून होते.

तर त्या स्कार्फला इस्त्री करून मी पुढच्या रविवारी गळ्यात घातला आणि मार्केट यार्डाजवळच्या टपरीवर चहा पिताना सरांना आणि मामांना सांगितलं, "आजपासून मैदानात आपले तिघांचे हात मागं बांधलेले." मामांनी कप खाली ठेवला. "ताई, गुन्हा काय क्येला आमी?" सर म्हणाले, "मॅडम, सेफ्टीचं काय? कुणी पडलं झडलं तर?" मामांनी जरा विचार केला, आणि म्हणाले, "मी असली गाठ मारतो, की टोक वडलं की सुटंल. अडीनडीला आपलं असावं." ठरलं. पण माझ्या तोंडाचं काय करायचं? त्यावरही मामांनीच तोड काढली. पिशवीतला गुळाचा एवढाला खडा काढून दिला. "ह्यो तोंडात धरा. ईरघळंस्तोवर बोलायचं न्हाई."

बाई, तुम्ही हे वर्षानुवर्षं कसं केलंत? मला पहिल्या रविवारी रडायला यायचं तेवढं बाकी राहिलं. पोरं मिठाऐवजी दोनदा हळद घालताहेत आणि मी उभी. तंबू उलटा शिवल्यासारखा उभारताहेत आणि मी उभी. सर हात बांधलेले म्हणून हनुवटीनं खुणा करायला लागले. मी गूळ एका गालात सारून म्हटलं, सर, हनुवटीपण बांधीन. दोन महिन्यांत मी इतका गूळ खाल्ला की डेपोत सगळे विचारायला लागले, ताई, अंग कसं काय सुटलं? पहिले दोन-तीन रविवार मुलं सारखी मागं वळून आमच्याकडं बघायची. मग हळूहळू बघायची थांबली. मामांचा मुलगा बाकीच्यांना वाघरीची गाठ शिकवायला लागला. गळालेली मुलं एकेक करून येऊन कुंपणाशी उभी राहायला लागली, मग आत आली. चौदाची एकोणीस झाली. लेक मात्र माझ्याशी कामापुरतंच बोलायची. सोडणार म्हणालेली, ते तिनं परत घेतलं नव्हतं, आणि मी विचारायला धजत नव्हते.

आणि आज! यंदा कमान नव्हती, पूल होता. मैदानाच्या कडेला गुडघाभर खोल कोरडी चारी आहे, तिच्यावर बांबू आणि दोरीचा पूल बांधायचा आणि अख्ख्या पथकानं एकेक करून पलीकडं जायचं. वेळ सव्वा तास. मोठ्यांनी फक्कीच्या रेघेच्या मागं. बाकीचे पालक आमच्याकडं बघून हसतच होते. तिघं ओळीत उभे, हात मागं, गाल फुगलेले. एकानं तर मामांना विचारलं, "काय पाव्हणं, पोलीस कुठायत?" मामा गुळामुळं बोलू शकले नाहीत.

शिट्टी झाली. लेक पुढं. बांबू उचलले, दोन-दोन बांबू कात्रीसारखे आडवेतिडवे बांधले, पाऊण तासात पूल आडवा! माझ्या मनात टाळ्या. पहिला मुलगा चढला, मध्यावर आला, आणि सगळं डावीकडं कलंडायला लागलं. तो पटकन मागं फिरला. आमच्या शेजारच्या रेघेवरून कुणीतरी "अरेरे" म्हणालं. आणि माझी लेक काय म्हणते? "सोडा. सगळं सोडा. परत बांधू." सगळं सोडा! अर्धा तास उरलेला! सर गूळ गिळून ओरडले, "मॅडम, टाइम! टाइम बघा!" मामा पुटपुटले, "खडा खावा सर, खडा खावा." पोरांनी खरंच सगळ्या बांधण्या सोडल्या. लेक मातीत गुडघे टेकून बांबूला दोरी टाकायला लागली, आणि ती खालच्या बाजूनं सुरू करत होती. मी आयुष्यभर वरून सुरू करत आले. चुकतेय, चुकतेय ती! माझ्या बोटांना स्कार्फचं टोक सापडलं. मी ओढलं.

गाठ सुटली, बाई. हात मोकळे. दोन पावलांवर रेघ, रेघेपलीकडं माझी पोर. मी एक पाय उचललासुद्धा. आणि त्या पाय उचललेल्या अवस्थेत मला दिसलं की ती वाघरीची गाठ मारतेय. खालून घेतलेली, वरून भार आला की आणखीच आवळणारी. जाळीला मेंढरू धडकलं तरी न सुटणारी. ती चुकत नव्हती. ती माझ्यासारखं करत नव्हती एवढंच. मी पाय खाली ठेवला, स्कार्फची दोन्ही टोकं मुठीत घट्ट धरली आणि हात पाठीमागंच ठेवले.

दहा मिनिटं राहिली तेव्हा पहिला मुलगा चढला. पूल करकरला, हलला, आणि थांबला. मग दुसरा. मग तिसरी. स्टेशनाकडून मालगाडीचा भोंगा आला तेव्हा अकरावी मुलगी मध्यावर होती, ती दचकली, आम्ही तिघंही दचकलो, ती सावरली. एकोणिसावी माझी लेक. ती पलीकडं उतरली आणि शिट्टी झाली. मी काय ओरडले ते विचारू नका, दौंडच्या फलाटावर ऐकू गेलं असेल! सर टाळ्या वाजवायला गेले तर हात मागं बांधलेले, तोल जाऊन मामांवर आदळले. मामांच्या डोळ्यांतून पाणी, ते पुसायलाही हात नाहीत.

त्याच परीक्षक बाई आल्या. त्यांनी पूल हलवून पाहिला, जरा वाकडा आहे म्हणाल्या, आणि दोरी पुढं केली. "ही गाठ कोण दाखवेल?" एकोणीस हात वर. बाई, एकोणीस! त्यांनी मामांच्या मुलाला पुढं बोलावलं, नाव विचारलं गाठीचं. तो ताठ उभा राहून म्हणाला, "मॅडम, इंग्रजीत क्लोव्ह हिच. आमच्यात वाघरीची गाठ. बसवायची कशी तेबी दावू का?" त्या हसल्या. जाताना रेघेपाशी थांबून मला म्हणाल्या, "आणलंत की मुलांचं पथक." नंबर आला नाही आमचा. एका शाळेचा पूल आमच्यापेक्षा सरळ होता. मुख्याध्यापकांना फोन केला तर म्हणाले, मैदान तुमचंच.

मग लेक आली, कोपरापर्यंत मातीनं भरलेली. काही न बोलता माझे हात सोडवायला मागं गेली. आणि तिथनंच म्हणाली, "आई, ही तर सुटलेलीच हाय."

"व्हय."

"कवापासून?"

"तुम्ही परत बांधायला घेतलं तवापासून."

"मग आली का न्हाईस?"

तिनं तुमचा स्कार्फ झटकला, नीट घडी घातली आणि स्वतःच्या खिशात टाकला. थोडं पुढं गेल्यावर म्हणाली, "पुढच्या रविवारी जरा जाड दोरी आणू. ही हाताला लागती." पुढच्या रविवारी म्हणाली, बाई! मी मान हलवली आणि सरळ पाण्याच्या टाकीकडं गेले, तोंड धुतल्यासारखं करायला.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसले होते, न्हावरा गाव मागं गेलं असेल, तेव्हा ते माझ्या डोक्यात उजाडलं. घोडनदीच्या वाळूत पडलेल्या तुमच्या स्कार्फला गाठच नव्हती. कधीच नव्हती. तुम्ही नुसती टोकं मुठीत धरून उभ्या राहायचात, वर्षानुवर्षं, आमच्या करपलेल्या पिठल्यासमोर, कलंडणाऱ्या तंबूंसमोर. मला ड्रायव्हरला घंटी मारून गाडी थांबवावी आणि सगळ्या प्रवाशांना हे सांगावं असं वाटत होतं.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही. तिकिटाच्या मशीनच्या पिशवीत ठेवेन, म्हणजे रोज जवळ राहील. चहा परत ठेवायचाय, लेक हाका मारतेय. फक्त एक राहिलंय, जे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. त्या अबोल मुलीला गाठ जमत नव्हती म्हणून मी मदत केली, आणि बाईंनी उगाच माझा पाणउतारा केला, असंच मी सगळ्यांना सांगत आले. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं बहुतेक. तिला जमत होती, बाई. तिची माझ्या आधी होणार होती.